तळमजल्यावरची खोली, दांडीसकट

३ फेब्रुवारी

प्रति,
व्यवस्थापक,
पाण्याच्या टाकीसमोरचे हॉटेल

विषय: एका रात्रीपुरती खोली मिळणेबाबत.

महोदय,

आपल्या हॉटेलाच्या जाहिरातीत ‘नोंदणी फक्त पत्राने, फोन करू नये’ असे ठळक छापले आहे. ते वाचून समाधान वाटले. हल्ली फोनवर माणसाचे म्हणणे कोणी पुरते ऐकून घेत नाही. आपल्या गावातल्या बाकी सर्व हॉटेलांना मी फोन केले आणि सर्वांनी दोन वाक्यांपुढे बोलू न देता नकार दिला. असो. त्याबद्दल तक्रार करण्याची ही जागा नव्हे.

१७ मार्च रोजी भल्या सकाळी मला आपल्या गावी एका कामासाठी हजर राहायचे आहे. हे काम वर्षातून एकदाच असते. ते चुकल्यास माझे सबंध वर्ष फुकट जाईल. माझ्या गावाहून इतक्या लवकर पोचणारी बस नाही. सबब आदली रात्र आपल्याकडे काढणे भाग आहे.

माझ्या गरजा फार नाहीत. गादी कडक असावी, कारण मला गुडघे आणि कंबर जपावी लागते. जेवण हलके आणि लवकर मिळावे. मी दिवेलागणीनंतर फार जागत नाही. शेजारी गोंगाट नसावा. सोबत कोणी नाही, मी एकटीच येणार आहे. सामान म्हणजे एकच पिशवी, पण ती जड आहे.

तरी वरील बाबींचा सहानुभूतीने विचार व्हावा.

आपली,
एक प्रवासी

---

८ फेब्रुवारी

आदरणीय बाई,

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. अशी पत्रं लिहिणारी माणसं आता राहिली नाहीत. खोली पक्की समजा.

फोन आम्ही मुद्दामच घेत नाही. फोनवर ‘येतो येतो’ म्हणणारे निम्मे लोक उगवतच नाहीत. पत्र लिहिण्याची तसदी घेणारा माणूस मात्र येतोच, असा आमचा अनुभव आहे.

गुडघ्यांचं वाचून जीव कळवळला. तुम्हाला तळमजल्यावरची बागेकडची खोली ठेवली आहे. एकही पायरी चढायला नको. फाटकापासून दारापर्यंतची फरशी जरा उखडली आहे, तिथे आमचा माळी तुमचा हात धरेल. संकोच करू नका, त्याला सवय आहे. पिशवीही तोच घेईल. रात्री पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवू. जेवण बिनमिठाचं लागत असेल तर तसं कळवा.

या वयात एकटीने प्रवास करता, तुमची कमाल आहे. खरं तर घरच्या कोणीतरी सोबत यायला हवं होतं. पण आजकालच्या मुलांना वेळ कुठे असतो? मी लहान तोंडी मोठा घास घेऊ नये, पण राहवलं नाही.

तुमची,
व्यवस्थापिका

---

१२ फेब्रुवारी

विषय: मजला बदलून मिळणेबाबत.

महोदया,

खोली ठेवल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार.

तथापि तळमजल्याची आवश्यकता नाही. सर्वात वरच्या मजल्यावरची, पाण्याच्या टाकीकडे खिडकी असलेली खोली मिळाल्यास अधिक सोयीचे होईल. ती टाकी मला आदल्या संध्याकाळी नीट पाहून ठेवायची आहे. जिन्यांची मला सवय आहे. किंबहुना चढणे हेच माझे काम आहे, असे म्हटले तरी चालेल.

माळीबुवांना माझा हात धरण्याचे कष्ट देऊ नयेत. मीठ चालते. गरम पाण्याची पिशवीही चालेल.

घरचे माझी पुष्कळ काळजी घेतात. त्यांच्याबद्दल गैरसमज नसावा.

आपली,
प्रवासी

---

१७ फेब्रुवारी

प्रिय आजी,

आता ‘बाई’ म्हणवत नाही, म्हणून सरळ आजीच म्हणते. नका हो असा हट्ट करू.

तुमच्यासारख्या स्वाभिमानी बायका मी जवळून पाहिल्या आहेत. हे हॉटेल ज्या माझ्या मावशीचं आहे, ती त्यातलीच. ‘मला काही धाड भरली नाही’ म्हणत जिना चढायला गेली, आणि आता खुब्याचं ऑपरेशन होऊन लेकाकडे पडून आहे. तुमच्या बाबतीत तसं झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही. टाकीच बघायची ना, ती बागेतूनही दिसते. तिकडे तोंड करून तुमच्यासाठी खुर्ची टाकून ठेवते. बसा निवांत आणि बघा हवी तितकी.

आणखी एक. तुमच्या खोलीतल्या बाथरूममध्ये धरायला दांडी नव्हती, ती बसवून घेतली. प्लंबरने आधी भलतीच उंच बसवली. मग मी तुमच्या उंचीचा अंदाज घेऊन, कंबरेत वाकून, गुडघे धरून त्याला दाखवलं आणि काढून पुन्हा बसवायला लावली. तो वैतागला, पण दांडी झकास बसली आहे. लोंबकळलं तरी हलत नाही.

गोंगाटाची काळजी सोडा. मागे कॉलेजची पोरं राहायला आली होती आणि वरच्या गॅलरीत उभी राहून कोंबड्यांसारखी आरवत होती. तेव्हापासून मावशीचा नियमच आहे, एकवीस वर्षांखालच्या कोणालाही मोठ्या माणसाशिवाय खोली द्यायची नाही. मग तो कोणीही असो. तो नियम मीही कसोशीने पाळते. त्यामुळे तुमची झोप मोडायला इथे कोणी नाही.

तुमची वाट बघतेय.

व्यवस्थापिका

---

२१ फेब्रुवारी

ताई,

आज वर विषय लिहिलेला नाही, कारण हे पत्र मी स्वतः लिहितेय. आधीची दोन्हीही मीच लिहिली, पण ती मी नव्हते. सांगते.

मी वीस वर्षांची आहे.

माझे आजोबा कोर्टाबाहेर बसून लोकांना अर्ज लिहून द्यायचे. त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा मी चौथीत होते. तेव्हापासून ते सांगतात आणि मी लिहिते. गल्लीतल्या नळाला पाणी नाही, दिवा बंद आहे, कोणाची पेन्शन अडकली आहे, सगळं. त्यामुळे पेन हातात आलं की माझ्या आतून आजोबाच बोलायला लागतात. मैत्रिणीला वाढदिवसाचं कार्ड लिहिलं तरी ‘सबब’ येतंच. तुम्हाला फसवायचं म्हणून तसं लिहिलं नव्हतं. पण तुम्ही मला म्हातारी समजलात हे पहिल्याच उत्तरात कळलं आणि मी गप्प बसले, ते मात्र मुद्दाम.

माझं काम म्हणजे दोरीवर लटकून उंच टाक्या आणि पूल रंगवणं. गुडघे त्यासाठी जपायचे. परवान्याची परीक्षा तुमच्या समोरच्या टाकीवर आहे. पिशवी जड आहे कारण तिच्यात दोर आणि पट्टे आहेत. आधीच्या हॉटेलांत वय विचारलं, ‘वीस’ म्हटलं. सोबत कोण विचारलं, ‘कोणी नाही’ म्हटलं. लगेच फोन खाली. पत्रात आवाज ऐकू येत नाही आणि वय कोणी विचारत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. तुमचा नियम मला माहीत नव्हता.

तुमचं शेवटचं पत्र जेवताना वाचलं. तुम्ही गुडघे धरून प्लंबरला माप दाखवताय, हे डोळ्यांसमोर आलं आणि ताट बाजूला सारलं. अशा माणसाच्या दारात उड्या मारत कसं यायचं?

तर आता तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तर बसस्टँडच्या बाकावर रात्र काढेन. पण झोप झाली नाही की माझेही हात थरथरतात आणि परीक्षक आधी हातच बघतात. बरोबर यायला तसं कोणी नाही. आईबाबांना कामावरून सुटी मिळत नाही. आजोबा आहेत, पण त्यांना माझं हे काम पसंत नाही. ते नको म्हणत नाहीत, फक्त ‘बरं’ म्हणतात. त्या ‘बरं’नंतर पुढे काही विचारायची सोय नसते.

दांडीबद्दल खरंच मनापासून सॉरी.

घरात मला खार म्हणतात, तीच सही करते.

खार

---

३ मार्च

खारूताई,

उत्तराला उशीर झाला, कारण तीनदा लिहून फाडलं. पहिलं रागाने लिहिलं होतं. मग तुझं पत्र माळ्याला वाचून दाखवलं. ‘या आजीबाईंचा हात मी धरणार होतो होय’ म्हणून तो इतका हसला की त्याला पायरीवर बसावं लागलं. त्यानंतर माझाही राग टिकेना.

आता माझं ऐक. मीसुद्धा वीसचीच आहे.

घरात मला ठमाकाकू म्हणतात. लहानपणापासून मी मोठ्या बायकांसारखी बोलते, कारण मावशीच्या काउंटरखाली बसूनच मोठी झाले. मावशी पडली तेव्हा हॉटेल माझ्यावर आलं. खोल्या, चादरी, स्वयंपाकघर सगळं जमलं, फक्त फोन जमला नाही. उचलला की पलीकडून यायचं, ‘बाळ, घरात मोठं कोणी आहे का?’ ‘मीच बघते हॉटेल’ म्हटलं की लोक हसायचे आणि दुसरीकडे खोली घ्यायचे. शेवटी मी फोनची वायरच काढून ठेवली आणि जाहिरातीत ‘फक्त पत्राने’ छापलं. पत्र लिहिणारा येतोच वगैरे मागाहून जुळवलेलं आहे. पत्रात माझा आवाज ऐकू येत नाही, एवढंच खरं कारण. म्हणजे तू तिकडून आजोबा झालीस आणि मी इकडून मावशी. जोडी चांगली जमली.

मावशीच्या नियमाप्रमाणे मलासुद्धा या हॉटेलात राहता येत नाही, हे तुझं पत्र वाचून पहिल्यांदा लक्षात आलं.

मग देऊन टाक की खोली, असं तुला वाटत असेल. मलाही वाटलं. पण मावशी अंथरुणाला खिळलेली असताना मी तिचा नियम मोडला, तर सगळे म्हणतील, पोरीच्या हातात दिलं आणि पोरखेळ झाला. म्हणून तिलाच विचारलं. ती म्हणाली, ‘नियम ज्यांच्यासाठी केला त्यातलीच एक उठून तो मोडणार का?’ मग म्हणाली, ‘मोठं माणूस घेऊन ये म्हणावं. आलं तर दोन खोल्या दे, एकीचेच पैसे घे.’

तेव्हा मोठं माणूस शोध. तळमजल्यावरची खोली तशीच आहे, दांडीसकट. तिथे ते राहतील आणि तुला वरची, टाकीकडे खिडकी असलेली. आजोबांनाच विचार ना. फार तर काय, ‘बरं’ म्हणतील.

ठमाकाकू

---

८ मार्च

ठमाकाकू,

विचारलं. आजोबा चष्मा पुसत बसले होते. मी सगळं सांगितलं, तुझं पत्रही वाचून दाखवलं. ते चष्मा पुसतच राहिले. मला वाटलं आता ‘बरं’ येणार आणि विषय संपणार. पण त्यांनी चष्मा घातला आणि म्हणाले, ‘लिहायला घे.’ तर पुढचं त्यांचं आहे. कंसातलं तेवढं माझं.

विषय: नातीसोबत मोठे माणूस म्हणून हजर राहणेबाबत.

महोदया,

मी खाली सही करणारा, वय वर्षे एक्याऐंशी, कळवितो की माझी नात दोरीला लटकून टाक्या रंगविण्याच्या परीक्षेस बसत आहे. सदर काम मला पसंत नाही. (हे कशाला लिहायचं, असं मी म्हटलं. म्हणाले, अर्जात खोटं लिहायचं नसतं.) तथापि तिची रात्र बसस्टँडच्या बाकावर जावी, हे मला त्याहून नापसंत आहे. सबब मी तिच्यासोबत येत आहे.

सदर मुलीने आपल्याकडे कडक गादी मागितली होती. ती तिला वर द्यावी. माझ्या गरजा येणेप्रमाणे. गादी मऊ असावी. जेवणात मीठ चालत नाही. पायाशी गरम पाण्याची पिशवी असावी. बाथरूममध्ये धरायला काही असल्यास उत्तम. फरशी उखडलेली असल्यास माळ्याने हात धरावा, माझी हरकत नाही.

(यातलं एक अक्षरही मी पढवलेलं नाही, आईशप्पथ. आमच्या घरात हे असंच चालतं. तू ज्या आजीची तयारी केलीस ती इथेच होती, फक्त तिला मिशा आहेत.)

आपण वयाने लहान असून हॉटेल सांभाळता, असे समजले. फोन बंद ठेवणे मात्र योग्य नाही. याबाबत समक्ष बोलू.

(सही त्यांची आहे. वाकडी आलीय, पण त्यांचीच.)

खार

---

२२ मार्च

ठमाकाकू,

परवाना आला. आज पोस्टाने, फोटोसकट. फोटोत मी चोरासारखी दिसतेय. तरी आईने तो शेजारीपाजारी दाखवून आणला.

तुझी गादी अगदी हवी तशी कडक होती. संध्याकाळी खिडकीत बसून टाकीचा एकेक टप्पा पाठ केला आणि कधी झोपले ते कळलंच नाही. सकाळी परीक्षकाने हात पुढे करायला लावले, तेव्हा ते दगडासारखे स्थिर होते. ते तुझ्या खोलीमुळे. हे मी आजोबांच्या भाषेत नाही, माझ्या भाषेत लिहितेय.

एक गोष्ट मात्र खुपतेय. वर पोचल्यावर तुमची बाग स्पष्ट दिसली. तू उभी होतीस, आजोबा खुर्चीत होते. टाकीकडे पाठ करून. तू लिहिलं होतंस ना, खुर्ची टाकीकडे तोंड करून ठेवते म्हणून? म्हणजे त्यांनी मुद्दाम फिरवून घेतली. मी हात हलवला तो फक्त तू पाहिलास. खाली आल्यावर ‘झालं’ म्हटलं, तर ते ‘बरं’ म्हणाले. बसमध्येही गप्पच होते. इतक्या लांब आले, तळमजल्यावर राहिले, बिनमिठाचं जेवले आणि नेमकं तेवढंच बघायला तयार नव्हते. असू दे. आले हेच पुष्कळ.

आता कामाचं बोलू. मे महिन्यात तीच टाकी रंगवायचं काम मला मिळालंय. आठवडाभर लागेल. वरचीच खोली दे. एप्रिलमध्ये मला एकवीस पूर्ण होतात, तेव्हा या वेळी मोठं माणूस मीच.

खार

---

२८ मार्च

विषय: गैरसमज दूर होणेबाबत.

खारूताई,

तुझ्या आजोबांबरोबर दोन दिवस काढल्यावर मलाही ही सवय लागली. परवान्याबद्दल तुला आणि तो गावभर मिरवणाऱ्या तुझ्या आईला शाब्बासकी.

आता खुर्चीचं ऐक. हे तुला सांगायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं. पण तू तिकडे मनात काहीबाही धरून बसणार असशील, तर मी गप्प बसणार नाही.

खुर्ची मी टाकीकडेच तोंड करून ठेवली होती. ते येऊन बसले, तू पहिल्या शिडीवर पाय ठेवलास आणि त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, ‘मला बघवणार नाही. खुर्ची फिरव. तू बघ आणि मला सांग.’ मग मी बघत होते आणि सांगत होते. आता दोर अडकवला. आता पहिल्या कठड्यावर गेली. आता पाय सोडले, लटकलीय. दर वेळी ते ‘बरं’ म्हणत होते. तू म्हणतेस ते ‘बरं’ हे नव्हे. मी दोन क्षण गप्प राहिले की लगेच ‘मग?’ यायचं. तू वरून हात हलवलास तेव्हा मी सांगितलं, ‘हात हलवतेय.’ त्यांनी तुझ्याकडे पाठ ठेवूनच हात वर केला आणि तसाच धरून बसले, मी ‘आता उतरायला लागली’ म्हणेपर्यंत. ते तुला वरून दिसलं नसणार, मध्ये मी उभी होते. माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत होते. तू फाटकाशी दिसलीस तशी त्यांनी घाईघाईने डोळे पुसले आणि म्हणाले, ‘खुर्ची होती तशी ठेव.’

आता माझं. तू परीक्षकांच्या कचेरीत कागदांवर सह्या करायला गेली होतीस, तेव्हा आजोबांनी माझी शिकवणी घेतली. बागेत बसून ते हाताचा फोन करायचे, ‘ट्रिंग ट्रिंग’ म्हणायचे आणि घसा खाकरून विचारायचे, ‘बाळ, घरात मोठं कोणी आहे का?’ पहिल्यांदा मी सवयीने ‘थांबा हं, बघते’ म्हणाले. माळी पुन्हा पायरीवर बसला. आजोबा हसले नाहीत. म्हणाले, ‘पुन्हा.’ जेवणाची वेळ होईपर्यंत हेच चाललं होतं. जाताना म्हणाले, ‘आवाज लहान असला तर असू दे. वाक्य पुरतं कर.’

परवा मी फोनची वायर परत लावली. लगेच काही वाजला नाही. काल दुपारी चादरींच्या घड्या घालत होते तेव्हा वाजला. एक भारदस्त आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी तेच विचारलं, अगदी त्याच शब्दांत. मी हातातली चादर खाली ठेवली. मग म्हटलं, ‘आहे. मीच बोलतेय. तुम्हाला खोली कधीपासून हवी आहे?’ मग ते म्हणाले, ‘दोन हव्या होत्या. एक तळमजल्यावर मिळेल का? आईच्या गुडघ्यांना त्रास आहे.’

मी म्हटलं, मिळेल. दांडी आहे.

मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘मग मी कशाला घाईने बरी होऊ?’ तिचा नियम तिने तसाच ठेवलाय. जाहिरातीतलं ‘फोन करू नये’ मात्र मी काढून टाकायला सांगितलंय. तुझी वरची खोली मे महिन्यासाठी लिहून ठेवलीय. आजोबा येणार असतील तर खालचीही ठेवते. काय ते कळव, पण त्यासाठी पत्र नको. फोन कर. मीच उचलते.

ठमाकाकू